ताई, तू एकटीनं वाचलंस

वनिताताई,

पॅकिंगच्या टेबलावर तुझ्या जागी अजून कुणाला बसवलेलं नाही. नवी बाई सोमवारपासून येणार म्हणतात. तोवर तुझा निळा ॲप्रन खुंटीला तसाच लटकतोय. माझ्या क्वालिटीच्या टेबलावरून मान वर केली की तो समोर दिसतो, म्हणून मी हल्ली मान वरच करत नाही.

तू गेल्याचं कळलं त्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत सगळ्या बायका तुझ्याबद्दल बोलत होत्या. किती कामसू, किती हसरी, दिवसभर उभी राहून बाटल्यांची झाकणं पिशव्यांत भरायची तरी संध्याकाळी चेहऱ्यावर शीण नाही. कुणीतरी मला म्हणालं, "शैला, तू तर तिची सगळ्यांत जवळची. बोल काहीतरी." मी काही बोलले नाही. त्यांना वाटलं, दुःखानं माझा आवाज फुटत नाही. दुःख होतंच गं. पण मला अडवलं होतं ते लाजेनं. ती लाज कशाची, हे त्या बायकांना सांगून उपयोग नव्हता. ते तुलाच सांगायला हवं होतं आणि तुझ्या जिवंतपणी सांगायला हवं होतं.

आठवतं का, सुरुवात कशी झाली ते? मागच्या वर्षी पाऊस ओसरला होता. आपण कॅन्टीनच्या मागच्या शेडमध्ये डबे उघडून बसलो होतो. तू एकदम माझ्या कानाशी येऊन म्हणालीस, "शैला, मला बायबल वाचायचं हाय."

मी आधी इकडेतिकडे बघितलं. या अख्ख्या युनिटमध्ये ख्रिस्ती म्हणजे मी एकटी. नगरकडची, पाळकाची मुलगी, नवऱ्याच्या कंत्राटी नोकरीपायी खोपोलीत भाड्याच्या दोन खोल्यांत आलेली. इथं मी कुणाला माझा धर्म सांगत फिरत नव्हते. विचारलंच तर सांगत होते, एवढंच.

"कशाला गं?" मी विचारलं.

"नीलमसाठी."

नीलमचं मला माहीत होतं. तुझी एकुलती एक लेक, कर्जतला नर्स म्हणून लागली आणि तिथल्याच एका ख्रिस्ती मुलाशी लग्न करून मोकळी झाली. कुंभिवलीत तुमच्या घरी त्या दिवसापासून तिचं नाव घेणं बंद झालं. तुझे मालक मुळातच गप्प माणूस, ते आणखी गप्प झाले. धाकटे दीर महादूभाऊ म्हणाले, या घरातून कर्जतला कुणी जायचं नाही आणि कर्जतहून इथं कुणी यायचं नाही. तू मान हलवलीस आणि दुसऱ्या दिवसापासून कामावर आलीस की नीलमला फोन करायला लागलीस.

"तिच्या घरी रोज सांजचे समदी बसून वाचतात," तू म्हणालीस. "जावई वाचतो, सासू वाचते, आता नीलम बी वाचते. उद्या मी गेले तिच्या घरी, तर येड्यावानी भिंतीकडं बगत बसू? लेक काय आयकते ते आयशीला कलाया नको?"

"म्हणजे तू धर्म..." मी अर्धवट बोलले.

"हॅ!" तू भाकरीचा तुकडा हवेत उडवल्यासारखा हात केलास. "माजी एकवीरा आई माज्या घरात हाय. तिला कुटं टाकू? मला निस्तं लेकीच्या घरातलं बोलनं समजाया पायजे."

इतकं साधं होतं ते. इतकं साधं कारण घेऊन बायबलकडे आलेलं माणूस मी आमच्या चर्चमध्येसुद्धा पाहिलेलं नाही. आणि तरी ते पुस्तक तुला आणून द्यायला मी तीन आठवडे लावले. रोज तू विचारायचीस, रोज मी "विसरले गं" म्हणायचे. शेवटी अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, मला लग्नात दिलेली प्रत एका साडीच्या दुकानाच्या पिशवीत घालून तुझ्या हातात दिली. तू तिथंच ती कपाळाला लावलीस.

"कुटनं वाचू?"

मला बस गाठायची होती. "पहिल्या पानापासून," मी म्हणाले. "पुस्तक कुठून वाचतात, ताई?"

आता ऐक. मी स्वतः ते कधीच पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचलेलं नव्हतं. लहानपणी रविवारच्या शाळेत जे पाठ झालं ते, उपासनेत जे कानावर पडलं ते, एवढीच माझी पुंजी. पाळकाची मुलगी म्हणून सगळे गृहीत धरत आले की हिला येतं आणि मीही कधी कुणाची समजूत मोडली नाही. तुझीही मोडली नाही.

सातवी शिकलेली तू. बोट ठेवून वाचायचीस, ओठ हलवत. उत्पत्तीचं पुस्तक तुला इतकं आवडलं की योसेफाची गोष्ट तू कुठली ते न सांगता शेडमध्ये सगळ्यांना सांगायला लागलीस. भावांनी त्याला खड्ड्यात टाकला, मग विकला, मग तो तुरुंगात पडला. रोज थोडी थोडी. पॅकिंगच्या बायका डबा उघडायच्या आधीच विचारायच्या, "वनिता, त्या पोराचं पुढं काय झालं?" भाऊ दुष्काळात धान्य मागायला त्याच्याच दारात आले, तिथं तू थांबलीस आणि डोळे पुसलेस. बायकाही रडल्या. मी खाली मान घालून डबा संपवत होते. आता कुणीतरी विचारील, ही गोष्ट कुठली, आणि तू माझ्याकडे बोट दाखवशील, याचीच मला धास्ती होती. तू एकदाही दाखवलं नाहीस.

मग पुढचं पुस्तक आलं आणि त्यात तो देवासाठी उभारायचा निवासमंडप. पडदे किती हात लांब, कड्या किती, खुंट्या कुठल्या धातूच्या.

"शैला, ही तर मंडपवाल्याची यादी हाय," तू हसत म्हणालीस. "माजा जावई रोज सांजचा ह्येच वाचतो?"

मी हसले आणि विषय बदलला. तू नेटानं वाचत राहिलीस. त्याच्या पुढच्या पुस्तकात बलिदानांचे नियम लागले, चरबी, गुरदे, शुद्ध, अशुद्ध. आठ-दहा दिवसांनी तू माझ्याजवळ आलीस तेव्हा तुझा चेहरा उतरला होता.

"मला काय उमगत नाय गं. माजं शिक्षान कमी पडतंय का?"

चूक माझी होती, ताई. कुणाही नव्या माणसाला तिथून सरळ चालायला लावलं तर ते तिथंच अडकतं, मीही अडकले असते. हे मला त्या क्षणी कळत होतं. पण मी म्हणाले, "हो, जरा अवघडच असतं ते." तुझ्या सातवीवर ढकललं सगळं आणि टेबलाकडे निघून गेले.

तू हुशार. वाटलं असेल, शेवट वाचला की मधलं उलगडेल. म्हणून एकदम मागं गेलीस आणि प्रकटीकरण उघडलंस. सात डोकी, दहा शिंगं, रक्ताचा समुद्र. दुसऱ्या दिवशी तू मला विचारलंस, "नीलमला भ्या वाटत नसंल का गं ह्ये वाचून?" त्यानंतर दोन आठवडे तू पुस्तकाचं नाव काढलं नाहीस. खरं सांगू? मला सुटल्यासारखं झालं.

त्याच सुमारास अण्णांचा फोन आला होता. बोलता बोलता मी तुझी गंमत म्हणून त्यांना सांगितली. मंडपवाल्याची यादी वगैरे. मला वाटलं, ते हसतील. अण्णा हसले नाहीत.

"कुठून सुरू करायला सांगितलंस तिला?"

"पहिल्या पानापासून."

"अगं, ते एक पुस्तक नाही. सहासष्ट पुस्तकांचं कपाट आहे. दारात आलेल्या माणसाला वरच्या फळीपासून सगळं उतरवून वाच म्हणतेस?" ते रागावले होते. मग थोडं थांबून एकेक सांगायला लागले. "मार्कापासून सुरू करू दे. येशूची गोष्ट सांगणारं सगळ्यांत छोटं शुभवर्तमान आहे. रोज एकच अध्याय आणि मोठ्यानं वाचायचा. नावं अडली की सोडून पुढं जायचं. कोण आलं, कोण काय म्हणालं, कुणाचं काय झालं, तेवढं बघायचं. जवळ पेन्सिल ठेवायची, कळलं नाही तिथं खूण करायची आणि पुढं चालायचं, अडून बसायचं नाही. मार्क झालं की रूथ वाचू दे, छोटीशी गोष्ट आहे, बायकांची. मग लूक. मन जड असेल त्या दिवशी एखादं स्तोत्र. नियमांची पुस्तकं मागाहून. आणि शैला, तिला एकटीला वाचू देऊ नको. सुरुवातीला शेजारी माणूस लागतो. तू बस तिच्याजवळ."

दुसऱ्या दिवशी मी तुला सगळं सांगितलं. मार्क सांगितलं, रूथ सांगितलं, पेन्सिल सांगितली, मोठ्यानं वाचायचंही सांगितलं. तू एका पाकिटाच्या पुठ्ठ्यावर लिहूनही घेतलंस. शेवटचं वाक्य मात्र मी सांगितलं नाही.

हे मी आजवर कुणालाच बोललेले नाही. अण्णांनी पुढच्या फोनला विचारलं, "बसतेस ना तिच्यासोबत?" मी म्हणाले, "हो."

मार्क तुला लागू पडलं. मोठ्यानं कुठं वाचणार, म्हणून तू सकाळी सरपण आणायच्या निमित्तानं शेताच्या बांधावर जायचीस आणि तिथं वाचायचीस. मग सुट्टीत माझ्याजवळ येऊन बसायचीस, डोळे लकाकत असायचे. त्या लुळ्या माणसाला त्याच्या चौघा सोबत्यांनी छप्पर उचकटून घरात येशूपुढं सोडला ना, तिथं तू अडलीस. "सगलं झालं, मानूस चालत घरी गेला. पन त्या घरवाल्याची कवलं कोनी भरून दिली?" मी इतकी वर्षं ती गोष्ट ऐकतेय, मला हा प्रश्न कधी पडला नव्हता. आणि ती बारा वर्षं अंगावरून रक्त जाणारी बाई, जिनं गर्दीतून मागून येऊन त्याच्या कपड्याला हात लावला. तिच्याबद्दल सांगताना तुझा आवाज खाली आला. गर्भपिशवी काढायच्या आधी तीन वर्षं तूही तसंच सोसलं होतंस, कामावर उभं राहून. "त्यानं तिला मुलगी म्हनून हाक मारली गं," तू म्हणालीस. "गर्दीत. सगल्यांसमोर." आणि मग: "तू येशील का एक दिवस घरी? न्हाय तर मी येते खोपोलीला. मिलून वाचू. मला लय विचारायचं हाय."

मी म्हणाले, बघू. मग माझ्या मुलीची परीक्षा आली. मग माझी कंबर. मग पाहुणे. मग पाणी येत नाही, मग नवऱ्याची शिफ्ट. तू दर सुट्टीच्या आदल्या दिवशी विचारायचीस आणि मी काही ना काही काढायचे. मला दोन भीती होत्या. घरमालकानं विचारलं असतं, ही कुंभिवलीची बाई पुस्तक घेऊन कशाला येते. आजकाल अशा गोष्टीचं काय होईल सांगता येत नाही. ही भीती मी नवऱ्याला सांगितली होती. दुसरी त्यालाही नाही सांगितली. तू विचारशील आणि मला काही येत नाही हे तुला दिसेल, ती.

होळीच्या आधी ते झालं. कामावरून सुटून आपण गेटबाहेर आलो तर महादूभाऊ त्यांचा टेंपो बाजूला लावून उभे. हातात पंच्यात गुंडाळलेलं काहीतरी. तू एकदम थांबलीस. ते सरळ माझ्याकडे आले.

"बाई, जरा थांबा. आमच्या घरी भाताच्या कनगीत ह्ये मिललं." त्यांनी पंचा उलगडला. "तुमी दिलं का?"

आजूबाजूला पंधरावीस बायका. वॉचमन कान देऊन. महादूभाऊंचा आवाज चढलेला नव्हता, हे मला आज आठवतं. त्यांनी विचारलं होतं फक्त. एक "हो" म्हणायचं होतं. हो, मी दिलं, तिनं मागितलं म्हणून दिलं, लेकीसाठी मागितलं म्हणून दिलं.

"नाही," मी म्हणाले. "मी कशाला देऊ?"

आणि माझं वाक्य संपायच्या आत तू पुढं आलीस. "महादू, तुला घरी सांगितलं ना? एस्टीत शिटावर पडलं व्हतं, उचललं. हिचा काय संबंध? चल घरी." माझ्याकडे तू बघितलंही नाहीस. बघितलं असतंस तर बरं झालं असतं.

महादूभाऊंनी आधी मला आणि मग तुला न्याहाळलं. मग पंचा पुन्हा नीट गुंडाळला आणि ते पुस्तक माझ्यापुढं धरलं. "तुमचं नाय म्हनता, पन तुमच्या देवाचं हाय. आमी कुनाचा बी ग्रंथ फेकत नाय, बाई. तुमच्याकडंच ठेवा. जपून राहील."

मी माझंच पुस्तक परक्याचं म्हणून घेतलं आणि बसमध्ये बसले. घरी येऊन पंचा सोडला. पहिल्याच पानावर अण्णांचं अक्षर: चि. सौ. शैला हिस, अण्णांकडून. मी मनाला समजावलं, महादूभाऊंनी उघडून पाहिलं नसेल. पुस्तक कपाटात साड्यांच्या खाली ठेवलं आणि तुला परत दिलं नाही.

दुसऱ्या दिवशी तू रोजच्यासारखी आलीस. डब्यातलं वालाचं बिरडं माझ्या झाकणात वाढलंस. मी "ताई, काल..." एवढं म्हटलं तर म्हणालीस, "जेव गं." विषय संपला. तुझ्या बाजूनं संपला. घरी काय झालं, कोण काय बोललं, ते तू मला कधीच सांगितलं नाहीस आणि मीही विचारलं नाही.

पंधरा दिवसांनी बघितलं तर तू शेडच्या कोपऱ्यात मोबाईल नाकाला लावून बसलेली. नीलमनं फोनवर सांगून सांगून त्यात बायबल उतरवून घ्यायला लावलं होतं. अक्षरं मुंगीएवढी. मोठी कशी करायची ते तुला माहीत नव्हतं. तेवढं मी करून दिलं. वर्षभरात तुझ्या वाचनाला माझी हीच काय ती मदत.

मोबाईलवर हळूहळू वाचत पावसाळ्यात मार्क संपत आलं तेव्हा एक दिवस तू म्हणालीस, "त्या पेत्राचं लय वाईट वाटलं गं. कोंबडा आरवला आनि त्याला आठवलं. पोरावानी रडला तो."

जो येशूचा जिवाभावाचा म्हणवत होता त्यानंच, येशूनं आधीच सांगितलं होतं तसं, कोंबडा आरवायच्या आत अंगणात शेकोटीपाशी तीनदा सांगितलं की मी त्या माणसाला ओळखत नाही. तू मला ऐकवण्यासाठी ते बोललीस की नुसतंच वाचलेलं सांगितलंस? मी तुझ्या चेहऱ्यावर शोधत राहिले. तिथं रागही नव्हता आणि टोमणाही नव्हता. तू खरंच त्या पेत्राचं दुःख करत होतीस. तो क्षण होता, ताई. मी तुझा हात धरून "मला माफ कर" म्हणू शकले असते. भोंगा झाला, आपण उठलो.

रूथ तू भात कापणीच्या दिवसांत वाचलंस. परक्या मुलखातली विधवा सून, सासूचा हात न सोडता तिच्या गावी येते आणि दुसऱ्याच्या शेतात कापणीनंतर राहिलेला सरवा वेचते. "आमच्यात बी वेचतात की सरवा!" तू हरखली होतीस. मग गंभीर झालीस. "म्हंजे त्यांच्या पुस्तकात बी परकी पोर हाय. नि तिचं चांगलं झालं." जरा वेळानं म्हणालीस, "नीलमला तिच्या घरात परकी नसतील म्हनत." त्या दिवशी तू ठरवलंस की या नाताळाला काहीही होवो, कर्जतला जायचं. "आता मी बसू शकते त्यांच्यात. थोडं थोडं कलतं मला."

नाताळ यायचा आहे अजून. तू पहाटे चुलीपुढं बसल्या बसल्या कलंडलीस, खोपोलीला नेईपर्यंत संपलं होतं.

तेराव्याला मी कुंभिवलीला आले. तुझ्या अंगणात मी पहिल्यांदाच येत होते, तू इतक्यांदा बोलावलेलं असून. नीलम आली होती. तुझ्या मालकांनी स्वतः फोन करून बोलावलं होतं तिला, हे मला मागून कळलं. जावई मात्र आत आला नव्हता. हायवेच्या वळणावर चहाच्या टपरीशी उभा होता, कुणाला त्रास नको म्हणून. नीलम मला बिलगली. "मावशी, आई रोज तुमचं सांगायची. म्हणायची, मला शैला शिकवते."

मी तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिले आणि मला तिथं उभं राहवेना. महादूभाऊ पडवीत पत्रावळ्या मांडत होते. मी जाऊन त्यांच्यासमोर उभी राहिले. चार माणसं ऐकत होती, तरी बोलले.

"महादूभाऊ, ते पुस्तक मीच दिलं होतं. गेटवर मी खोटं बोलले."

त्यांनी हातातली पत्रावळ खाली ठेवली. "माहीत हाय," ते म्हणाले. "पयल्याच पानावर तुमचं नाव व्हतं. मला वाचता येतं, बाई."

मी ती पत्रावळ उचलून ओळीत ठेवली.

"घरी येऊन वैनीला बोललो मी. म्हटलं, ज्या मैत्रिनीसाठी तू खोटं बोलतेस ती सगल्यांसमोर तोंडावर नाय म्हनली. वैनी म्हनली, ती परक्या गावात भाड्यानं राहते, भ्याली असंल. तिचं नाव कुटं काढायचं नाय. तिनं मरेपर्यंत तुमचं नाव काढलं नाय, म्हनून आमी बी नाय काढलं."

एवढं बोलून ते परत पत्रावळ्या मांडायला लागले. रागावले असते तर मला काहीतरी मिळालं असतं. तुझे मालक भिंतीला टेकून बसले होते, त्यांनी सगळं ऐकलं होतं. ते उठले. "पोरगा बाहेर उन्हात किती येल उभा हाय," एवढंच म्हणाले आणि चप्पल न घालता हायवेच्या बाजूला चालू लागले. थोड्या वेळानं जावयाला घेऊन आले. महादूभाऊंनी एक पत्रावळ वाढवली. तू हे बघायला हवं होतंस, ताई. यासाठीच तर तू मंडपाच्या खुंट्यासुद्धा मोजत बसली होतीस.

निघताना नीलमनं विचारलं, "आईचं ते पुस्तक तुमच्याकडं आहे ना? मला द्याल?"

परवा दुपारी मी ते साड्यांखालून काढलं. देण्याआधी धूळ झटकावी म्हणून उघडलं आणि मार्क लागलं. तुझी पेन्सिल. अण्णांनी खूण करायला सांगितली होती, तू नुसती खूण केली नव्हतीस. बारीक, वाकड्या अक्षरांत समासात लिहिलं होतंस: शैलाला इचार. दोन पानांनी पुन्हा: शैलाला इचार. एका ठिकाणी: शैलाला इचार, सुट्टीत. अकरा ठिकाणी. मी मोजली. अकरा प्रश्न उराशी धरून तू रोज माझ्या शेजारी जेवायला बसत होतीस आणि मी तुला कंबरदुखी सांगत होते.

काल कर्जतला जाऊन आले. नीलमचं घर छान आहे, स्टेशनपासून लांब, मागं आंब्याचं झाड. तिच्या सासूबाईंनी चहा केला. त्या सारखं म्हणत होत्या, "नीलमच्या आईंसाठी आम्ही खुर्ची आणून ठेवली होती, खाली बसताना त्रास होतो म्हणाल्या होत्या ना." नीलमला ती माणसं परकी म्हणत नाहीत, ताई. मी नीट बघितलं.

नीलमनं पुस्तक मांडीवर घेतलं. पानं उलटता उलटता थांबली. तिनं बोटानं तुझं अक्षर चाचपलं.

"मावशी, हे काय विचारलं होतं तिनं? तुम्ही काय सांगितलंत?"

मी तिथं बघितलं. ते अंजिराचं झाड होतं. येशूला भूक लागते, झाडाला फक्त पानं असतात, तो झाडाला शाप देतो आणि ते मुळापासून वाळून जातं. अंजिरांचा हंगाम नव्हता, असंही तिथंच लिहिलेलं आहे. त्या ओळीखाली तू रेघ मारली होतीस. समासात लिहिलं होतंस: हंगाम नवता तर झाडाचा काय गुना? शैलाला इचार.

"तिनं नाही विचारलं," मी म्हणाले. "विचारायला मी कधी बसलेच नाही तिच्याजवळ. मी तिला काही शिकवलं नाही, नीलम. ती खोटं सांगत होती तुला. ती एकटीच वाचत होती."

सासूबाई कप उचलून आत गेल्या. मग नीलमनं ते पान माझ्याकडे फिरवलं, पुस्तक माझ्या गुडघ्यावर अर्धं टेकवलं.

"मग आता मला सांगा," ती म्हणाली. "झाडाचा काय गुन्हा होता?"

मी ती ओळ वाचली. वरच्या ओळी वाचल्या, खालच्या वाचल्या, पुन्हा वरून वाचल्या.

"मला माहीत नाही," मी म्हणाले.

एवढं साधं वाक्य, ताई. वर्षभरात मी तुला ते एकदाही म्हणाले नाही.